भूत खरं बोलतंय कशावरून?

हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघांनी एकदा प्लँचेट केलं होतं. ड्रॉइंग शीटवर दोन गोल काढलेले. बाहेरच्या गोलात मुळाक्षरं, आतल्या गोलात अ-आ-इ-ई, एका कोपऱ्यात ‘हो’ आणि दुसऱ्यात ‘नाही’. मधे मेसमधून उचलून आणलेली स्टीलची वाटी उपडी घातलेली, तिच्यावर चौघांची एकेक तर्जनी. लाइट बंद, मेणबत्ती चालू. पाचेक मिनिटं काही नाही, आणि मग वाटी सरकली. आमच्यातल्या एकाचे आजोबा आले म्हणे. पेपर कसे जातील, असं विचारलं. वाटी ‘प’वर गेली, ‘र’वर गेली, आतल्या गोलात शिरून ऱ्हस्व ‘इ’वर थांबली, मग ‘क्ष’. पूर्ण वाक्य झालं, ‘परिक्षा चांगली जाईल.’

आजोबा हयातभर शाळेत मराठी शिकवत होते. ‘परीक्षा’तली ‘री’ दीर्घ असते, हे त्यांनी किती पोरांच्या हातावर छडी मारून शिकवलं असेल! आणि आमच्या चौघांत ती ऱ्हस्व लिहिणारा एकच होता, त्यांचा नातू.

ती ‘रि’ माझ्या डोक्यातून गेली नाही. पुढे कित्येक वर्षांनी कळलं की एका फ्रेंच मास्तरांनी दीडशे वर्षांपूर्वी नेमक्या असल्याच चुकीवर सबंध प्रकरण लिहून ठेवलंय. आजोबा आले होते, की नातवाचं मनच बोलत होतं, की तिसरंच कुणी आजोबांचं सोंग घेऊन आलं होतं? त्या मास्तरांच्या मते या तीनही शक्यता खऱ्या असू शकतात, आणि माध्यमशास्त्राचं, म्हणजे ज्यांच्यामार्फत आत्मे बोलतात म्हणे त्या माणसांच्या शास्त्राचं, निम्मं काम म्हणजे त्या वेगळ्या करणं.

‘प्लँचेट’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ छोटी फळी. खरं प्लँचेट म्हणजे चाकं लावलेली एक लहानशी फळी, तिला पेन्सिल खोचलेली. वर हात ठेवायचा आणि फळी कागदावर लिहीत जाते. आपण वाटी आणि अक्षरं घेऊन जे करतो ते खरं तर १८९१ मध्ये अमेरिकेत पेटंट झालेल्या विजा बोर्डाच्या जवळचं. पण नाव चिकटलं ते चिकटलं. खेळ आपल्या घराघरांत पोचला, त्यामागचा विचार मात्र फारसा कुणी वाचला नाही.

या विचाराला फ्रेंचमध्ये ‘स्पिरितिझ्म’ म्हणतात. तो मांडणाऱ्या माणसाचं खरं नाव इपोलित लेओं दनिझार रिवाय. जन्म १८०४, लिओं शहरातला. शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये, पेस्तालोत्सी या नामांकित शिक्षणतज्ज्ञाच्या शाळेत. पुढे पॅरिसमध्ये शिकवणं आणि व्याकरण-अंकगणिताची क्रमिक पुस्तकं लिहिणं, हा पेशा. पन्नाशीपर्यंत या गृहस्थांचा भुताखेतांशी काहीही संबंध नव्हता.

त्या काळात हवा मात्र भुतांची होती. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल या खेड्यात फॉक्स घराण्यातल्या दोन लहान बहिणींच्या खोलीत ठकठक ऐकू यायला लागली. प्रश्न विचारला की ठोक्यांनी उत्तर. पाच वर्षांत हे वेड युरोपात पोचलं आणि १८५३ मध्ये पॅरिस-लंडनच्या दिवाणखान्यांत लोक टेबलाभोवती हात टेकवून बसू लागले. टेबलं खरोखर फिरायची. त्याच वर्षी मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने एक सुंदर युक्ती केली. हात आणि टेबल यांच्यामध्ये त्याने सरकते थर घातले आणि त्यांना एक काडीसारखा काटा जोडला. टेबल आधी हललं तर काटा एका बाजूला झुकणार, हात आधी हलला तर दुसऱ्या बाजूला. काट्याने सांगितलं की हात आधी हलतो, आणि तो हलवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. बसलेल्यांना तो काटा दिसू लागला की टेबल फिरणंच थांबायचं. आमच्या वाटीचं निदान इथेच झालंय, असं म्हणायला हरकत नाही.

रिवाय मास्तरांना मात्र टेबल का फिरतं यात रस नव्हता. फिरणारं टेबल उत्तरं देतं, आणि बुद्धी दिसणाऱ्या परिणामामागे बुद्धी असलेलं कारण हवं, असा त्यांचा मुद्दा. १८५५ च्या सुमाराला ते बैठकांना जाऊ लागले. एका घरात दोन मुली एका छोट्या टोपलीवर बोटं ठेवून बसत, टोपलीला पेन्सिल बांधलेली असे. बाकीचे लोक लग्नाबद्दल नाहीतर हरवलेल्या वस्तूबद्दल विचारत. मास्तर घरून प्रश्नांची यादी करून नेत. देव म्हणजे काय, दुःख का असतं, मेल्यावर पहिल्या क्षणी काय वाटतं. उत्तरं उतरवून घ्यायची, तेच प्रश्न दुसऱ्या माध्यमाला विचारायचे, ताडून पाहायचे. १८ एप्रिल १८५७ रोजी यातून ‘आत्म्यांचं पुस्तक’ निघालं, ५०१ प्रश्नोत्तरांचं. तीन वर्षांनी दुसऱ्या आवृत्तीत प्रश्न हजाराच्या वर गेले. क्रमिक पुस्तकांशी गल्लत नको म्हणून लेखकाचं नाव त्यांनी अलां कार्देक असं दिलं. मागच्या एका जन्मात ते या नावाने वावरले होते, असं त्यांना एका आत्म्याने सांगितलं होतं.

मागचा जन्म म्हटल्यावर मराठी वाचकाला एकदम घरच्यासारखं वाटेल. पण थोडं थांबा. कार्देकच्या मते आत्मा पुन्हा पुन्हा माणसाचा जन्म घेतो, या पृथ्वीवर किंवा दुसऱ्या एखाद्या लोकात. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा मात्र त्याला मान्य नाही. पाप केलं म्हणून कुणी किडा-मुंगी होत नाही. आत्मा एका इयत्तेत कितीही वर्षं बसून राहील, पण त्याला खालच्या इयत्तेत ढकलत नाहीत. मास्तरकी इथेही सुटलेली नाही.

आता मुख्य यंत्रणा. माणूस म्हणजे तीन गोष्टी: आत्मा, देह आणि दोघांना जोडणारं एक अतिसूक्ष्म आवरण. या आवरणाला कार्देकने ‘पेरिस्प्री’ असा शब्द घडवला. बीजाभोवती वेष्टन असतं, तसं आत्म्याभोवती हे. आठळीवरची पातळ साल डोळ्यांपुढे आणा. आपल्या लिंगदेहाशी याचं साम्य आहे, पण सांख्य-वेदान्तातला सगळा पसारा त्यात नाही. मेल्यावर देह जातो, हे आवरण राहतं. त्याच्यामार्फत आत्मा इथल्या जगाला स्पर्श करू शकतो, पण एकट्याच्या बळावर नाही. त्याला जिवंत माणसाच्या अंगातलं एक ‘द्रव्य’ उसनं घ्यावं लागतं. ते ज्याच्याकडून सहज मिळतं, तो माध्यम. हे द्रव्य कुठल्या प्रयोगशाळेत सापडलेलं नाही. त्या काळात विजेचे आणि चुंबकाचे प्रवाह सगळ्यांच्या बोलण्यात असत, त्या भाषेतली ही कल्पना आहे.

१८६१ मध्ये आलेलं ‘माध्यमांचं पुस्तक’ या सगळ्याचं गाइड म्हणा ना. ते उघडताना मला वाटलं होतं की आत्मे कसे बोलवायचे याच्या कृती असतील. कृती आहेतही. पण पानंच्या पानं खर्ची पडलीत ती आत्म्यांवर विश्वास का ठेवू नये, यावर.

कारण साधं आहे. मेल्याने माणूस शहाणा होत नाही. गावातला थापाड्या मेला की थापाड्या आत्मा होतो. अर्धवट वाचून सगळ्यांना शिकवणारा पंडित तिकडेही शिकवतच राहतो. कार्देकने आत्म्यांच्या तीन श्रेणी आणि त्यांत मिळून दहा वर्ग पाडलेत. तळाशी मलिन आत्मे, मधे सज्जन, वर पूर्णत्वाला पोचलेले. कायमचा सैतान या मांडणीत कुठेच नाही, प्रत्येक जण कधी ना कधी वर जाणारच. पण पृथ्वीच्या आसपास घुटमळणाऱ्यांत खालच्या वर्गाची गर्दी जास्त. त्यांतले काही नुसतेच खट्याळ. त्यांना गुप्तधन कुठे पुरलंय विचारलं, तर ते तुम्हाला खुशाल खणायला लावतील आणि बघत बसतील.

मोठमोठ्या नावांचंही तेच. आत्म्याकडे ओळखपत्र नसतं. पुस्तकाच्या शेवटी कार्देकने काही संदेश मुद्दाम छापलेत. खाली संतमहात्म्यांच्याच काय, खुद्द येशूच्या नावाची सही. आणि त्यापुढे शेरे: शब्द मोठे, आशय पोकळ, हा माणूस असं लिहीलच कसा? लाल शाईने पेपर तपासावेत तसं. त्याची कसोटी सहीपेक्षा मजकुराला महत्त्व देते. भाषा सुसंस्कृत आहे का, तर्काला धरून आहे का, ऐकणाऱ्याची खुशामत करतेय का, तारीख-वार देऊन भविष्य सांगतेय का? शंका आली की फेकून द्या. ‘दहा सत्यं नाकारलेली परवडली, पण एक असत्य स्वीकारू नका’ हे या पुस्तकातलं सर्वांत गाजलेलं वाक्य. गंमत अशी की आत्म्यांवर भरवसा ठेवू नका हा सल्लाही एरास्त नावाच्या एका आत्म्यानेच दिलाय.

माध्यम कोण होऊ शकतं? कार्देक म्हणतो, थोडीफार शक्ती सगळ्यांतच असते, पण ती ठळक असेल त्यालाच माध्यम म्हणावं. ही शक्ती शरीराच्या घडणीतून येते. म्हणजे चांगला गळा लाभावा तशी. गळा गोड आहे म्हणून माणूस सज्जन ठरत नाही, तसंच माध्यमाचं. माध्यमाला संत समजून त्याच्या पाया पडणं, हे या विचारात बसतच नाही. त्याच्या स्वभावाचा परिणाम एवढाच की जसा तो, तशी सोबत त्याला मिळणार. लहान मुलांना या भानगडीत पाडू नका, हेही त्याने स्पष्ट बजावलंय.

कुणाला ऐकू येतं, कुणाला दिसतं, कुणाच्या तोंडून बोललं जातं, कुणाच्या सान्निध्यात वस्तू हलतात. कार्देकचा जीव मात्र लिहिणाऱ्या माध्यमांवर. लिहिलेलं राहतं आणि तपासता येतं. त्यांचे त्याने प्रकार पाडलेत. यांत्रिक माध्यमाचा हात आपोआप चालतो, काय लिहिलं जातंय ते त्याला ठाऊक नसतं. अंतःस्फूर्त माध्यमाला आधी विचार सुचतो आणि मग तो स्वतःच्या हाताने लिहितो, त्यामुळे ‘हे माझंच तर नव्हे?’ ही शंका त्याला सतत छळते. या दोघांच्या मधला अर्धयांत्रिक. त्याचा हात ओढला जातो आणि शब्द उमटता उमटता त्याला कळत जातात.

इथे माझी ऱ्हस्व ‘रि’ परत येते. कार्देकच्या मते आत्मा विचार पाठवतो, शब्द नाही. शब्द माध्यमाच्या डोक्यातल्या साठ्यातून उचलावे लागतात. पेटीच्या चार पट्ट्या बसलेल्या असतील, तर कितीही मोठा वादक बसवा, ते चार सूर वाजणार नाहीत. तेव्हा आजोबांचा विचार नातवाच्या शुद्धलेखनातून आला, असं हे शास्त्र म्हणेल. शिवाय तो कबूल करतो की कधी कधी बोलणारा आत्मा खुद्द माध्यमाचाच असतो, बाहेरचा कुणी नसतोच.

मला हे प्रामाणिक वाटतं, आणि इथेच माझं घोडंही अडतं. संदेश नेमका निघाला तर आत्मा खरा. चुका निघाल्या तर त्या माध्यमाच्या. थापा निघाल्या तर आत्मा खट्याळ. मग असा कुठला निकाल उरतो, जो पाहून कार्देक म्हणाला असता की कुणीच आलं नव्हतं? त्याने आणखी एक चाळणी लावली होती. एकमेकांना न ओळखणाऱ्या, वेगवेगळ्या गावांतल्या माध्यमांकडून तीच शिकवण आली, तरच ती ग्राह्य धरायची. कल्पना चांगली होती. पण १८६० नंतर त्याची पुस्तकं आणि मासिक सगळीकडे वाचलं जात होतं. एकच गाइड वाचून बसलेल्या मुलांची उत्तरं जुळली, तर त्यात नवल काय? बार्सिलोनाच्या बिशपने १८६१ मध्ये या वाङ्मयाच्या ३०० प्रती भर चौकात जाळल्या, त्याने तर उलट आणखी जाहिरात झाली.

अंगात येणं, झपाटणं या गोष्टींवर त्याचं म्हणणं आपल्याकडे अधिक वाचलं जायला हवं होतं. तो याच्या तीन पायऱ्या सांगतो. पहिली, एखादा चिवट आत्मा नुसता सतावतो. दुसरी भुरळ, आणि त्याच्या मते ही फार घातक, कारण इथे माध्यमाला आपण फसतोय हेच कळत नाही. भिकार संदेशही त्याला दिव्य वाटतो, आणि शंका घेणाऱ्याशी तो संबंध तोडतो. तिसरी ताबा, ज्यात इच्छाशक्तीच लुळी पडते. उपाय काय? प्रार्थना, माध्यमाच्या स्वतःच्या वागण्यात सुधारणा, आणि त्या आत्म्याशी समजुतीने बोलणं. मंत्र, ताईत, गंडेदोरे यांचा काही उपयोग नाही, असं तो साफ म्हणतो. कोकणात ज्याच्या अंगात येतं त्याला ‘झाड’ म्हणतात. भगत किंवा देवऋषी त्या झाडाला झोडपतो, मिरच्यांची धुरी देतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली असं करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कार्देकच्या पद्धतीत निदान मार खाणारं कुणी नाही. अर्थात त्याने ‘ताबा’ म्हटलेल्यांतल्या कित्येकांना आजचा डॉक्टर मानसोपचाराच्या वॉर्डात तपासेल, आणि माझ्या मते तेच योग्य.

लबाडीचा इतिहासही लपवण्यासारखा नाही. १८७५ मध्ये, कार्देकच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, पॅरिसच्या कोर्टात ब्यूगे नावाच्या फोटोग्राफरवर खटला चालला. तो गिऱ्हाइकांच्या फोटोत त्यांचे मेलेले नातेवाईक दाखवायचा. पोलिसांना त्याच्या स्टुडिओत बाहुली आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले चेहरे सापडले. त्याने गुन्हा कबूल केला. तरी कोर्टात साक्षीदार येऊन सांगत राहिले की फोटोतली आमचीच माणसं आहेत. कार्देकच्या मासिकाचा तेव्हाचा संपादकही या प्रकरणात तुरुंगात गेला. १८८८ मध्ये मार्गारेट फॉक्सने न्यूयॉर्कच्या रंगमंचावर उभं राहून कबुली दिली की ती सुरुवातीची ठकठक आम्ही पायाची बोटं मोडून काढत होतो. पुढच्या वर्षी तिने ती कबुली मागे घेतली.

आपल्या मुंबईशीही या गोष्टीचा एक धागा आहे. १८७९ मध्ये थिऑसफी या गूढवादी चळवळीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत उतरले आणि गिरगावात राहिले. त्याआधी कैरोत बाईंनी आत्म्यांच्या बैठकांची एक मंडळी काढून पाहिली होती. पण मुंबईत आलेली त्यांची थिऑसफी सांगत होती की बैठकीत येतो तो आत्मा नव्हे, त्याने टाकलेली कात. इंग्रजी शिकलेल्या आपल्या लोकांनी हे ऐकलं. कार्देक फ्रेंचमधून पोर्तुगीजमध्ये गेला आणि आपल्याला चुकवून ब्राझीलला पोचला, असा माझा अंदाज.

ब्राझीलमध्ये मात्र तो रुजला. १८८४ मध्ये रिओत त्याच्या अनुयायांचा महासंघ निघाला. १८९० च्या दंडसंहितेत हा पंथ आचरणं हाच गुन्हा होता, तरी तो वाढला. २०१० च्या जनगणनेत सुमारे ३८ लाख लोकांनी आपला धर्म म्हणून या स्पिरितिझ्मचंच नाव लिहिलं. त्यांच्या केंद्रात मूर्ती नाही, धूप नाही, पुरोहित नाही. पांढरी चादर घातलेलं टेबल, कार्देकची पुस्तकं, अंगाला न लावता वरून हात फिरवून दिलेला ‘पास’, आणि प्रार्थना केलेलं पाणी. माध्यम होऊ इच्छिणाऱ्याला आधी बराच काळ वर्गात बसून अभ्यास करावा लागतो. पैसे घ्यायचे नाहीत. ‘फुकट मिळालं ते फुकट द्या’ हे बायबलमधलं वचन कार्देकने माध्यमांना लावून दिलंय.

त्यांचं सर्वांत मोठं नाव शिको शाव्हियेर. जन्म १९१०, मिनास जेराइस राज्यातल्या एका छोट्या गावात. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं, नोकरी सरकारी कृषी खात्यात कारकुनाची. डाव्या हाताने डोळे झाकून उजव्या हाताने भराभर लिहीत जायचं आणि शेजारच्याने भरलेले कागद ओढून घ्यायचे, अशी ४०० च्या वर पुस्तकं. मानधन सगळं दान. १९३२ च्या पहिल्या पुस्तकात दिवंगत कवींच्या कविता होत्या, ज्याच्या त्याच्या शैलीत. पुढे उबेराबा गावी मुलं गमावलेल्या आयांची रांग लागायची. पत्रं यायची, त्यात घरातली टोपणनावं असायची. टीकाकार म्हणायचे, माहिती आधीच काढून घेतलेली असते. आया पत्र छातीशी धरून घरी जायच्या.

१९४४ मध्ये एका दिवंगत लेखकाच्या पत्नीने दावा ठोकला. माझ्या नवऱ्याच्या नावाने शिको पुस्तकं काढतोय, कोर्टाने ठरवावं की ती त्याची आहेत की नाहीत. असतील तर हक्काचे पैसे मला द्या, नसतील तर फसवणूक थांबवा. कोर्टाने हुशारीने हात झटकले. मेलेल्या माणसाला नवे हक्क मिळत नाहीत, दावा फेटाळला. शिकोने पुढे त्या लेखकाचं नाव वगळून ‘बंधू एक्स’ असं लिहायला सुरुवात केली.

२०१२ मध्ये दहा ब्राझिलियन माध्यमांच्या मेंदूतला रक्तप्रवाह लिहिताना मोजला गेला. मुरलेल्या माध्यमांत, नेहमीच्या लेखनाच्या तुलनेत, मेंदूच्या काही भागांची हालचाल कमी दिसली, आणि मजकूर मात्र जास्त गुंतागुंतीचा होता. ते नाटक करत नव्हते, एवढं त्यावरून म्हणता येईल. मजकूर कुठून आला, हे स्कॅनमध्ये दिसत नाही.

शिको ३० जून २००२ रोजी गेला. त्याच दिवशी ब्राझीलने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला होता. सगळं आयुष्य कार्देक वाचण्यात घालवलेला माणूस तो. आपल्या मागे काय होणार, हे त्याला पक्कं ठाऊक असावं. जाण्यापूर्वी त्याने जवळच्या तिघांना एक गुप्त खूण सांगून ठेवली. माझ्या नावाने संदेश आला आणि त्यात ही खूण नसली, तर तो मी नव्हे. त्याच्या नावाने संदेश आजही येतात. ती खूण मात्र अजून गुपितच आहे.